मजल्याआडची हाक

भिंतीला कान असतात, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने कोणी ही म्हण प्रथम वापरली, त्याचे घर मातीच्या भिंतींचे आणि लाकडी माळ्याचे असले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. सिमेंटच्या स्लॅबला कान नसतात. ही गोष्ट मला एम.ए.च्या अभ्यासक्रमात कोणी शिकवली नव्हती. २०२४ च्या आषाढातल्या एका रात्री ती मी शिकलो, आणि तिची फी माझ्या वडिलांना भरावी लागली.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल भरण्यापुरता. तेव्हा बांधून, रंगवून तयार असलेल्या घरात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर भिंतीतून तार कशी न्यावी, या विषयावर मी लेखणी उचललेली पाहून माझे सहकारी हसतील. हसोत बापडे. ज्यांच्या घरात खाली म्हातारे माणूस आणि वर तरणी मंडळी राहतात, ते मात्र हसणार नाहीत.

माझे आजोळ वाईचे. जुना वाडा, मधे चौक, खाली माजघर आणि वर माडी. आजीने माजघरातून ‘अरे, चहा झाला’ असे म्हटले की माडीवर निजलेल्याला ते ऐकू येई. तिला आवाज चढवावा लागत नसे. चौकातून, जिन्यातून, फळ्यांच्या फटींतून हाक आपोआप वर चढे. त्या वाड्यात गुपित असे काही राहत नसे, ही त्याची गैरसोय. आणि कोणी एकटे पडत नसे, ही सोय. दोन्ही गोष्टी एकाच फटीतून येत.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साताऱ्यात आमचे घर बांधले ते १९८६ साली. बाहेरच्या आणि जिन्याच्या भिंती नऊ इंची विटांच्या, आतल्या आडभिंती साडेचार इंची आणि दोन मजल्यांच्या मधे सळयांचे जाळे घातलेला काँक्रीटचा स्लॅब. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. नव्या घरात पाऊस गळत नाही आणि वरची धूळ खालच्या ताटात पडत नाही, याचे आम्हांला केवढे कौतुक! हाकसुद्धा वर जात नाही, हे ध्यानात यायला अडतीस वर्षे लागली.

त्या रात्री साताऱ्याचा पाऊस कोसळत होता. अडीचच्या सुमारास अण्णा न्हाणीघराकडे निघाले आणि उंबऱ्याशी घसरून पडले. वय एकोणऐंशी. उठता येईना. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला. आम्ही वरच्या मजल्यावर दारे-खिडक्या लावून गाढ झोपलेलो. साडेपाचला आमच्या सौभाग्यवती चहा ठेवायला खाली उतरल्या, तेव्हा अण्णा भिंतीला टेकून फरशीवर बसलेले होते. सुदैवाने हाड मोडले नव्हते, मुका मार होता. पण तीन तास ते त्या गार फरशीवर होते.

‘‘अण्णा, हाक नाही का मारायची?’’ मी मूर्खासारखे विचारले.

‘‘मारल्या की तीन-चार,’’ ते म्हणाले. ‘‘मग म्हटलं, पाऊस आहे, वर जायची नाही. उगाच घसा कशाला कोरडा करा!’’

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरे झाले असते.

पुढचा महिनाभर मी त्यांच्या खोलीत सतरंजी टाकून झोपलो. एक दिवस त्यांनीच मला उठवले. ‘‘तू वर जा. मला राखण नको आहे. माझी हाक वर जायला हवी, एवढंच.’’ मुलीने कॅमेरा सुचवला. त्यावर आजोबांनी असा काही चेहरा केला की तो विषय तिथेच मिटला. मग मी बाजारातून बिनतारी घंटा आणली. ती आठ दिवस छान वाजली. नवव्या दिवशी बटण दाबले तर वर शांतता. बटणातला सेल उतरला होता, आणि त्याचा क्षीण झालेला संदेश स्लॅबच्या सळया काही वर जाऊ देईनात. इंटरनेटच्या लहरींची गत तीच. खालच्या दिवाणखान्यातले यंत्र वरच्या खोलीत निम्मेसुद्धा पोहोचत नव्हते आणि मुलगी अभ्यासाला जिन्यात बसत असे. लहरींची कंपने जितकी जास्त, तितक्या त्या भिंतीत लवकर थकतात. म्हणून वेगवान समजला जाणारा पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा जाड भिंतीपुढे आधी हात टेकतो आणि २.४ चा थोडा जास्त तग धरतो. अखेर अण्णांनी निकाल दिला : ‘‘तार टाका.’’

हा निकाल देण्याचा अधिकार त्यांना होता. त्यांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात गेली. मी मात्र उभ्या जन्मात त्यांना त्यांच्या कामाबद्दल कधी काही विचारले नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला तारेचे काय कौतुक!

वायरमन आला. पोरगा चुणचुणीत होता. घरभर फिरून त्याने क्षणात उपाय सांगितला : ‘‘सर, भिंत कशाला फोडायची? लाइटच्या पाइपात जागा आहे. त्यातूनच दोन्ही वायरी ओढून टाकतो. तासाभराचं काम.’’

मला ते फारच पसंत पडले. धूळ नाही, रंग नाही, खर्च नाही. मी मान डोलावणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, ‘‘नाही.’’

‘‘काका, वायरीला कव्हर असतं की,’’ वायरमन म्हणाला.

‘‘आतल्या लाइटच्या वायरी १९८६ च्या आहेत. त्यांचं कव्हर कडक होऊन तडकलं असेल. नवी वायर ओढताना ते खरवडलं, तर काय होईल सांग.’’

वायरमन गप्प झाला. मला काहीच कळले नव्हते, म्हणून अण्णांनी माझ्याकडे वळून विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट, घंटेचा १२. बारा व्होल्टच्या तारेचे आवरण, तिचे बटण, तिचे जोड हे सारे बारा व्होल्ट अडवण्याच्या बेताचे केलेले असते. एकाच पाइपात दोन्ही घातल्या आणि कुठे उघड्या तांब्याला तांबे लागले, तर ते २३० व्होल्ट सरळ घंटेच्या बटणात येऊन बसणार. ‘‘आणि ते बटण रात्री ओल्या हाताने कोण दाबणार? मी!’’

म्हणजे वडिलांना हाक मारता यावी म्हणून मी जी सोय करत होतो, तीच त्यांच्या जिवावर उठली असती. आणि तीही तासाभराच्या बचतीसाठी. घरकाम काढणाऱ्या प्रत्येकाने हा एक नियम मनावर कोरून ठेवावा : दिव्या-पंख्यांची वीज आणि घंटा, टेलिफोन, इंटरनेट यांच्या तारा एका पाइपात कधीही घालू नयेत. शेजारून न्यायच्या तर वीतभर अंतर ठेवावे, आणि एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. शेजारी-शेजारी लांबवर धावल्या, की विजेच्या तारेची कुजबुज इंटरनेटच्या तारेत शिरते.

आता वाट शोधायची होती. दोन मजल्यांमधली सर्वांत चांगली वाट जिन्याच्या भिंतीतून असते, कारण बहुतेक घरांत ती भिंत तळापासून माथ्यापर्यंत सलग असते. अण्णा काठी टेकत जिन्यापाशी गेले, भिंतीवरून हात फिरवला आणि रंगाखाली बुजलेल्या एका चौकोनावर बोट ठेवले. रंगाचे थर खरवडल्यावर आतून एक कोरी पट्टी निघाली, तिच्यामागे लोखंडी डबी, आणि डबीत पाऊण इंची पाइपाचे तोंड.

‘‘वरच्या मजल्यावर फोन न्यायला हा पाइप घातला होता,’’ ते म्हणाले. ‘‘विसरूनच गेलो होतो.’’

ज्या काळी टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात या गृहस्थांनी वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या फोनची तरतूद करून ठेवली होती! पुढे मोबाइल आले आणि तो पाइप रिकामाच राहिला.

पाइपात ओढतार होती. घर बांधतानाच रिकाम्या पाइपात एक लोखंडी तार घालून ठेवतात, म्हणजे पुढे तिला नवी वायर बांधून ओढता येते. पण अडतीस वर्षांच्या गंजाने ती हातात तुटून आली. मग वायरमनने आपली नायलॉनची स्प्रिंग वरून आत सारली. लांबच लांब, लवचिक, पुढे गोल टोपण असलेली ही पट्टी वळणांतून सहज सरकते. चार-साडेचार फुटांवर ती अडली. त्याने तिथे चिकटपट्टीची खूण केली, स्प्रिंग बाहेर काढून भिंतीवर तेवढेच अंतर मोजले आणि पेन्सिलीने फुली मारली. तिथे वीतभर प्लास्टर फोडल्यावर चोर सापडला. पाइपाच्या सांध्यातून बांधकामाच्या वेळचा सिमेंटचा मसाला आत शिरून दगड झाला होता. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. कोन असलेला सांधा न घालता सावकाश वळणारा बाक घातला, कारण इंटरनेटची तार काटकोनात मोडलेली चालत नाही. तिच्या जाडीच्या चौपट तरी त्रिज्येचे वळण तिला लागते.

खालच्या टोकापासून अण्णांच्या पलंगापर्यंत अकरा फूट जायचे होते, तेही साडेचार इंची आडभिंतीने. वायरमनने कटर उचलला, आणि खुर्ची पुन्हा बोलली. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असा बांधकामाचा दंडक आहे. साडेचार इंचांचा सहावा हिस्सा म्हणजे पाऊण इंच. तेवढ्या खोलीत पाऊण इंची पाइप आणि वर प्लास्टर मावणार कसे? उभी झिरी भिंत सोसते. लांब आडवी झिरी म्हणजे झाडाच्या बुंध्याला करवत लावण्यासारखे. आणि बीम, कॉलम यांना तर हातच लावायचा नाही. म्हणून खालची तार स्कर्टिंगच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून नेली. दिसते थोडी. दिसू दे.

मग ओढण्याचा समारंभ झाला. घंटेची दुपदरी तार आणि इंटरनेटची आठ तारांची केबल, दोन्ही कमी दाबाच्या, म्हणून एकत्र. त्यांची टोके निमुळती करून स्प्रिंगला बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पाइपात घसरावे म्हणून संगजिऱ्याची पूड चोळली. केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार बाजारात मिळते, ती ओढताना तुटते आणि पुढे दगा देते. अशी केबल दहा-अकरा किलोंपेक्षा जास्त जोराने ओढू नये, नाहीतर आतला पीळ बिघडतो. पाइपाच्या पोटात जोड तर एकही नको; वरपासून खालपर्यंत एकच अखंड तार.

वायरमन वरून ओढणार, मी खालून तार सोडणार. त्याने वरून ‘थांबा’ म्हटलेले मला ऐकू येईना, मी खालून ‘गाठ पडली’ म्हटलेले त्याला ऐकू जाईना. ज्या रोगावर औषध चालले होते, तोच औषध देताना आडवा आला! शेवटी मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिली आणि आमच्या हाका खालीवर पोहोचवू लागली. आजीच्या वाड्यातली फट आमच्या घरात त्या दिवशी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या रूपाने अवतरली.

टोके जोडताना मी विचारले, ‘‘या आठ तारा दोन-दोनच्या जोडीने अशा पिळलेल्या का असतात?’’ अण्णांचा चेहरा उजळला. बहुधा चाळीस वर्षे ते या प्रश्नाची वाट पाहत असावेत. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर येतो. तारा नुसत्या समांतर असल्या, तर जवळच्या तारेवर तो जास्त येतो, लांबच्या तारेवर कमी. पीळ दिला की दोघी आळीपाळीने जवळ-लांब होतात, दोघींवर उपद्रव सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला त्याची वजाबाकी होऊन शून्य उरते. ही युक्ती टेलिफोन शोधणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचीच. तिचे पेटंट १८८१ चे. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज सुरू झाले. आजच्या इंटरनेटच्या केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि प्रत्येकीचा पीळ वेगळ्या मापाचा, म्हणजे एकीचे बोलणे दुसरीत मिसळत नाही. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे हट्टी माणसाची निंदा म्हणून शिकवत आलो. पीळ हा गुणही असतो, हे मला घरी कळले.

आठ रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तपासणीच्या यंत्रावर आठ दिवे लागायला हवेत, सहावा लागेना. टोक कापून पुन्हा बसवले, मग लागला. वरच्या यंत्राला वीजही याच केबलमधून जाते, ४८ व्होल्टच्या आसपास. हे ऐकून अण्णा हसले. टेलिफोनच्या एक्स्चेंजमधली बॅटरीही ४८ व्होल्टचीच असे. ‘‘नाव बदललं, दाब तोच,’’ ते म्हणाले.

घंटेला मात्र त्यांनी घरातल्या विजेवर विसंबू दिले नाही. लाइनवरचा टेलिफोन वीज गेली तरी चाले, कारण त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीचा आधार असे. ‘‘मी पडलो ती रात्र पावसाची होती. अशाच रात्री वीज जाते.’’ म्हणून वरच्या खोलीत १२ व्होल्टची लहान बॅटरी आणि तिचा चार्जर बसवला. वीज असताना ती भरते, नसताना घंटा वाजवते.

बटण कुठे लावायचे हा शेवटचा प्रश्न. एक पलंगाच्या उशाशी, हे ठरलेलेच होते. दुसरे न्हाणीघराच्या दाराबाहेर. वायरमनने दिव्यांच्या बटणांच्या उंचीवर खूण केली. अण्णा म्हणाले, ‘‘तिथे नको.’’ त्यांनी पेन्सिल मागितली, पण त्यांना वाकता येईना. मग काठीचे टोक त्यांनी भिंतीवर टेकवले, फरशीपासून जेमतेम वीतभर उंचीवर.

‘‘इथे. माझा हात इथवर पोहोचत होता.’’

खोलीत कोणी काही बोलले नाही. वायरमनने खाली बसून तिथे फुली मारली. घंटा लावणारे सगळे उभ्या माणसाचा विचार करतात. ती वाजवायची वेळ येते तेव्हा माणूस उभा नसतो.

नंतर स्लॅबमधून पाइप गेला होता तिथली भोवतालची पोकळी मसाल्याने भरून घेतली. मजल्यातले उघडे भोक म्हणजे आग लागली तर धुराला वर जायला आयती चिमणी. अण्णांनी कागदावर तारांचा नकाशा काढला, अंतरे लिहिली आणि तो जिन्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लावला, म्हणजे पुढे कोणी तसबिरीचा खिळा तारेत ठोकणार नाही. आणि पाइप बंद करण्यापूर्वी त्यात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडायला लावली. ‘‘ही कशाला, आजोबा?’’ मुलीने विचारले. ‘‘तुझ्या वेळी काय ओढावं लागेल, ते मला आज काय ठाऊक!’’

भाद्रपदात एका रात्री घंटा वाजली. मी खाली पोहोचलो तेव्हा अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, घामाने डबडबलेले. साखर उतरली होती. साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांत ते सावरले. सावरल्यावर पहिला प्रश्न माझा नव्हता, त्यांचा होता. ‘‘वर नीट ऐकू आलं ना?’’

दिवाळीच्या सुमारास घरोघर रंगकाम निघते, म्हणून हा प्रपंच. रंगारी भिंतीची भोके बुजवायला येईल, त्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा : रात्री हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल? आणि जमल्यास हेही विचारा, की या भिंतीत जुना एखादा पाइप आहे का? उत्तर कदाचित त्यांनाच ठाऊक असेल, आणि त्यांना कोणी विचारलेले नसेल.

असो. आमच्या घरी आता घंटेची भाषा ठरली आहे. एक लांब वाजली तर धावत ये. दोन तुटक वाजल्या तर चहा झाला. लेख इथेच थांबवतो. खालून आत्ताच दोन तुटक वाजल्या आहेत.